खो आल्याशिवाय

"ही बसली कधीची गं?" नागमणीनं मला विचारलं.

मी म्हटलं, "आपण यायच्या आधीपासून."

जुन्या सूतगिरणीच्या मागचं आमचं मैदान. बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागं एक काटकुळी पोरगी उकिडवी बसली होती. सलवार-कमीज, ओढणी कमरेला आवळलेली, पाय अनवाणी. समोरून आमची पिचर रझिया बागवान चेंडू फेकत होती आणि ही झेलून बसल्या बसल्याच मनगटाच्या झटक्यानं परत टाकत होती. आम्ही दोघींनी बुटाच्या नाड्या बांधल्या, मैदानाला फेऱ्या मारल्या, पाणी प्यायलो, तरी पोरगी तशीच. गुडघा ना कुरकुरला, ना टेकला. चुलीपुढं बसावं तशी निवांत.

नागमणी येमुल आणि मी, इंदुमती काशीद, आम्ही सोलापूर जिल्ह्याच्या बेसबॉल संघाच्या दोन कॅचर. कॅचर म्हणजे क्रिकेटमधला विकेटकीपर समजा. फरक इतकाच की त्याला प्रत्येक चेंडूला उकिडवं बसावं लागतं, तोंडाला लोखंडी जाळी, छातीवर गादी, आणि बॅट चुकवून येणारा प्रत्येक चेंडू त्याच्या अंगावर. लग्नाआधीपासून आम्ही दोघी हेच करत आलो होतो. आता नागमणीचा खांदा गेला होता आणि माझा उजवा गुडघा. आमचे कोच सरवदे सर म्हणायचे, तुम्हा दोघींचे चांगले चांगले भाग काढून एक बाई बनवली तर थेट महाराष्ट्राची कॅचर होईल. ते चेष्टेनं म्हणायचे, पण त्या वर्षी त्यात चेष्टा कमी होती.

सर आले आणि सांगून टाकलं. पोरीचं नाव शालन मिसाळ, बार्शीकडच्या खेड्यातली, इथं कॉलेजला आलीय, चेंडू हातात घेऊन महिनाही झाला नाही. संघात कॅचर दोनच जाणार आणि आता आम्ही तिघी. रविवारी कॉलेजच्या मुलांशी सामना ठेवलाय, त्यात तिघींना तीन-तीन इनिंग मिळतील. मग काय ते ठरवू.

नागमणी मला हळूच म्हणाली, "म्हणजे तुझ्या-माझ्यातली एक गेली की."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला बसले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

त्या साली राज्य स्पर्धा सोलापुरातच होणार होती. इतकी वर्षं मी खेळले ते सगळं परगावी. घरच्या एकाही माणसानं मला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. आमची पिठाची गिरणी होती. मी स्पर्धेला गेले की गिरणीवर माझ्या सासूबाई बसायच्या, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. गिऱ्हाइकानं विचारलं की सांगायच्या, "सून चेंडू अडवायला गेलीय." ह्या वर्षी त्या स्वतः येणार होत्या. ठेवणीतलं इरकल लुगडं बाहेर काढून उन्हात घातलं होतं आणि सगळ्या गल्लीला आमंत्रण देऊन झालं होतं. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं, की सुनेला संघातून काढलं? मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासमोर ती जाळी तोंडावर ओढून बसायचं होतं.

रविवारचा सामना सकाळी सुरू झाला. अंपायर सरवदे सरच. पहिल्या तीन इनिंग माझ्या, आणि मी बऱ्या काढल्या. दोन चेंडू सुटले, गुडघ्यानं शिव्या दिल्या, पण डोकं शाबूत होतं. नागमणीच्याही बऱ्या गेल्या, फक्त बेस चोरणारी पोरं तिच्या हाती लागली नाहीत. बेस म्हणजे धाव काढताना एकामागून एक गाठायच्या जागा. बेस चोरणं म्हणजे असं की पिचरनं हात उचलला रे उचलला, की पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्या बेसकडं सुसाट सुटतो. कॅचरनं चेंडू झेलायचा, ताडकन उठायचं आणि तो पोचायच्या आत दुसऱ्या बेसला चेंडू पोचवायचा. आमचा संघ वर्षानुवर्षं सेमीफायनलला मार खायचा तो ह्याच चोरीपायी. समोरचा संघही ठरलेला. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, तिथं माझी नणंद दिलीय.

मग शालन बसली.

आता काय सांगू तुम्हाला. रझियाचा एक चेंडू होता, मध्येच खाली गळणारा, थेट मातीत टप्पा घेणारा. बॅट लागायचीच नाही त्याला. पण तो आम्हालाही अडायचा नाही, म्हणून रझिया तो सामन्यात फेकायची नाही. हात दुखतो म्हणायची. त्या दिवशी तिनं पहिलाच तो टाकला. शालननं तो मातीतून असा उचलला, जसा कुणी पडलेला शेंगदाणा उचलावा. रझियानं दुसरा टाकला, तिसरा टाकला. पोरं हवेत बॅटी फिरवत राहिली आणि रझिया हसायला लागली. मी तिला इतकी वर्षं चेंडू परत टाकले, पण चेंडू फेकून झाल्यावर हसताना कधी पाहिली नव्हती. तेव्हा मला कळलं की हिचा हात कधीच दुखत नव्हता. आम्हा दोघींना वाईट वाटू नये म्हणून ही बया आपला सगळ्यात चांगला चेंडू इतकी वर्षं पदराआड ठेवून होती.

मनाला लागलं. खोटं कशाला बोलू.

पण पुढच्याच इनिंगला एक पोरगा पहिल्या बेसवर आला आणि पळाला. शालननं चेंडू झेलला, आणि बसून राहिली. चेंडू हातात, मान ताठ, आणि बाई बसलेली. पोरगा आरामात दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. सगळे ओरडले, तेव्हा ती उठली. सरावात तर ती छान फेकायची. पण सरावात सर प्रत्येक वेळी "हं, टाक" म्हणायचे. सामन्यात कोण म्हणणार?

थोड्या वेळानं आणखी एक गंमत झाली. सर तिच्या मागं वाकून उभे होते, त्यांचा तोल गेला आणि सावरताना त्यांचा हात तिच्या पाठीला लागला. तशी पोरगी स्प्रिंगसारखी उडाली. समोरून चेंडू येत होता, तो तिच्या पायाखालून मागं गेला आणि ही उभी राहून इकडंतिकडं बघतेय. पोरं पोट धरून हसली. सरांनी माफी मागितली, ती लाजेनं लाल झाली. त्यानंतर परत एकजण पळाला आणि परत ही बसूनच. आता मात्र सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, पोरगी गुणी आहे पण पायात जीव नाही, घाबरते. पुढच्या वर्षी बघू. तू आणि नागमणी तयारीला लागा.

म्हणजे झालं की माझं काम. इरकल वाया जाणार नव्हतं. नागमणीनं माझा हात दाबला. मी पाणी घ्यायला म्हणून उठले, आणि पाय मात्र शालनकडं वळले. ती एकटीच कडेला उकिडवी बसली होती. रडत नव्हती, पण जवळच आलं होतं.

मी विचारलं, "आधी काय खेळत होतीस गं?"

"खो-खो," ती म्हणाली. "शाळेपासून."

ते मला सरांचा हात लागला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या भागातली कुठली पोरगी खो-खो खेळली नाही? रांगेत उकिडवं बसायचं, आणि पाठीवर हात पडून "खो" ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. आधी उठलात की फाउल. खाली मान घालून तिनं सगळं सांगितलं. जिल्ह्याच्या फायनलला ती खो यायच्या आधी उठली होती. फाउल झाला, पळणारी सुटली, सामना गेला. त्यांच्या बाईंनी तिला अख्खं वर्ष बाहेर बसवलं आणि मैत्रिणी बोलेनाशा झाल्या.

"डोक्याला कळतं, ताई, उठाया पायजे," ती म्हणाली. "पण पाय म्हंत्यात, खो कुठं आलाय?"

मैदानात ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पुढच्या वर्षी कुणीतरी शोधून काढलं असतं, किंवा नसतंही, आणि पोरगी गावी जाऊन लग्न करून मोकळी झाली असती. मी तिथं उभी राहून एवढा सगळा विचार केला. मग रझियाकडं लक्ष गेलं. ती चेंडू हातात घोळवत शालन कधी येतेय म्हणून वाट बघत होती. आमच्यापैकी कुणाची तिनं अशी वाट कधी पाहिली नव्हती.

मी सरांकडं गेले आणि म्हटलं, एवढी शेवटची इनिंग मला फर्स्ट बेसला उभी करा. सर म्हणाले, का? मी म्हटलं, कारण नंतर सांगते.

पहिल्या बेसवरच्या गड्याच्या शेजारीच फर्स्ट बेसची खेळाडू उभी असते, त्यामुळं तो पळाला की सगळ्यात आधी तिला दिसतं. एक दांडगा पोरगा तिथं आला. त्यांची दोनदा चोरी पचली होती, त्यामुळं भलताच खुशीत होता. रझियानं हात उचलला, तो पळाला, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "खो!"

पाठीवर हात नव्हता, नुसता आवाज होता, त्यानं भागेल का मला माहीत नव्हतं. पण शालन चेंडू झेलता झेलताच उभी राहिली. चेंडू माझ्या डोळ्यांसमोरून सणसणत गेला आणि दुसऱ्या बेसच्या पोरीच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला. तो पोरगा अजून अर्ध्या वाटेत होता. त्यानं थांबून माझ्याकडंच पाहिलं, की काकू हा कुठला खेळ.

 त्याच इनिंगला आणखी दोघे पळाले, मी दोनदा खो दिला आणि दोघेही आउट.

"इंदे," नागमणी म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच की गं. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास."

संध्याकाळी सरांनी निकाल सांगितला. कॅचर शालन, राखीव कॅचर नागमणी. माझ्यासमोर येऊन ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "तू फर्स्ट बेसला उभी राहा. तिथं गुडघ्याचं काम नाही. आणि तिला खो द्यायला कुणीतरी पाहिजे."

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. मी जाळी आणि गादी काढून शालनच्या हातात दिली आणि कुणाशी न बोलता घरी आले. फर्स्ट बेस हे काय खेळणं झालं? उभं राहायचं आणि ओरडायचं. भाजीवाल्याचं काम. आत्याबाई गिरणीवरचं पीठ झाडत होत्या, त्यांना म्हटलं, मी आता जाळीमागं बसणार नाही, दुसरीकडंच उभी राहणार, तेव्हा यायचं तर या, नाहीतर राहू द्या.

त्यांनी हातातला कुंचा बाजूला ठेवला. "मग झाक झालं की," त्या म्हणाल्या. "मी गल्लीतल्या बायास्नी काय दावणार हुते? ती त्या पिंजऱ्यातली माझी सून? आता तोंड तरी दिसंल."

स्पर्धेत आमच्या संघाचं नाव झालं, ते त्या खोमुळं. पहिले दोन सामने सरळ जिंकलो. मी खो म्हटलं की लोक हसायचे, आणि पळणारी आउट झाली की टाळ्या वाजवायचे. आत्याबाई मांडवात पहिल्या रांगेत, शेजारी अख्खी गल्ली. खेळ त्यांना कळत नव्हता, पण माझा आवाज कळत होता. मी ओरडले की त्या शेजारणीला कोपरानं ढोसायच्या. मला फर्स्ट बेस आवडायला लागला होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणि सेमीफायनलला समोर नणंदेचा जिल्हा.

त्या पोरीही खो-खो खेळूनच वाढलेल्या. तीन-चार इनिंगमध्ये त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांच्या बाकावरून एकदम गजर झाला, "खो! खो!" कुणीही पळालेलं नव्हतं. पण शालन उठली, चेंडू खालून निसटला, आणि एक धाव गेली. पुढच्या इनिंगला तेच झालं. नंतर मी खरा खो दिला, तर तो खरा का खोटा ह्या गोंधळात ती बसूनच राहिली. चार धावांची आघाडी होती, ती एकावर आली. शेवटची इनिंग, त्यांच्या दोघी आउट, पहिल्या बेसवर त्यांची सगळ्यात चपळ पोरगी. तिला पळायचं होतं हे आंधळ्यालाही दिसत होतं. सरांनी खेळ थांबवला आणि नागमणीला जाळी चढवायला सांगितली.

मी धावत गेले. माझ्या गुडघ्यानं जमेल तेवढी धावत. सरांना म्हटलं, एवढी एक बॅटर शालनला खेळू द्या, हरलो तर मला बोला. सर नागमणीकडं बघायला लागले. नागमणी खांदा चोळत म्हणाली, "माझ्याच्यानं ही पोरगी आउट व्हायची नाही, सर. माझं मला माहितीय." मग सर बाजूला झाले.

शालन पिचरच्या जागेपाशी रझियाशेजारी उभी होती. जाळी वर सरकवलेली. मी तिला म्हटलं, "हे बघ, आता मी खो देणार नाही. कुणाचाही आवाज आला तरी तो माझा नाही."

"मग मी उठू कशी, ताई?"

 मी म्हटलं, "ते तू बघ." आणि तिच्या पाठीवर थापही न मारता माझ्या जागेवर परत आले. थाप मारायची भीती वाटली मला, हो. न जाणो, तिथंच उडी मारायची.

रझियानं हात उचलला. माझ्या शेजारची पोरगी सुटली. त्यांच्या बाकावरून खोचा नुसता कल्ला उठला. माझाही खो तोंडाशी आला होता, मी दातांनी जीभ दाबून धरली. चेंडू तोच होता, गळणारा, मातीतला. कल्ल्यावर उठली असती तर चेंडू खालून गेला असता. ती उठली नाही. खाली वाकून तिनं तो मातीतून उचलला आणि मग, कुणीही काहीही न म्हणता, आपली आपण उभी राहिली.

मी तो चेंडू जाताना पाहिलाच नाही. मी तिच्या पायांकडंच बघत होते. अंपायरचा हात वर गेला आणि मांडव उठून उभा राहिला, तेव्हा मला कळलं की आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी फायनलला आम्ही सपाटून हरलो, ते वेगळं. पण त्या क्षणी सगळ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आणि शालन मात्र जाळी काढून सरळ माझ्याकडं पळत आली. तोंड पांढरं पडलं होतं, कुणीतरी रागावणार असल्यासारखं.

"ताई," ती म्हणाली, "खो न येताच उठले मी."

मी तिला जवळ ओढलं. आता पाठीवर हात ठेवायला हरकत नव्हती. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि हसूही आवरत नव्हतं.

"त्याला इथं फाउल नाही म्हणत गं," मी म्हटलं. "आउट म्हणतात."